आईच्या नावाचं रडणं

१४ जून

पेम्बेकाकू गेल्या. सकाळी मशिदीच्या भोंग्यावर नाव पुकारलं तेव्हा मी चहा ओतत होते. पेला भरून वाहिला तरी कळलं नाही.

दुपारी आई त्यांच्या उशाशी बसली आणि सूर लावला. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, दोन पायऱ्या चढली की धापा टाकते. पण रडायला बसली की आवाज कुठून काढते कोण जाणे. आमच्या बोलीत – रोमेयकात, या डोंगरात उरलेल्या जुन्या ग्रीकमध्ये. पूर्वी एकीनं सूर सोडला की दुसरी उचलायची, तासन् तास चालायचं. आज खोलीत वीस-बावीस बायका होत्या. आईनं दम घ्यायला सूर सोडला आणि कुणी उचललाच नाही. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या! का, तर मी तिची, गुलिझारची मुलगी. मी रुमालात तोंड लपवलं.

परत येताना चढावर आई थांबली. "पेम्बेचं मी केलं. माझं कोण करणार?"

"मी आहे ना."

"तू? मेडिहा, तुला गाय हाकण्यापुरतीच येते बोली."

खोटं बोलली नाही.

१५ जून

झोप नीट नाही. आईचं कालचं डोक्यातून जात नाही.

मला येत होती की. सहा वर्षांची होईपर्यंत दुसरं काही येतच नव्हतं. मग शाळा. पहिल्याच आठवड्यात पाणी मागितलं ते आमच्या बोलीत, तर बोटांवर पट्टी बसली. त्या दिवशी ठरवलं – बास. आई रोमेयकात विचारायची, मी तुर्कीत उत्तर द्यायचे. पंचावन्न वर्षं हेच चाललंय. कळतं सगळं, तोंडातून काही निघत नाही. आणि माझ्या लेकीला, नुरायला तर मी बोलीतला एक शब्दही दिला नाही. आता ती बुर्सात बँकेत आहे आणि फोनवर म्हणते, "आजी काय म्हणते ते सांग ना गं."

१७ जून

आज चुलीपाशी आईला म्हटलं, शिकव मला. तिनं हातातला मक्याच्या पिठाचा चमचा उगारला.

"जितं माणूस घरात असताना रडणं म्हणायचं नसतं. मरण ऐकतं आणि पत्ता विचारत येतं."

"मग तू कशी शिकलीस?"

"माणसं मरायची तेव्हा."

म्हणजे कुणीतरी मरायची वाट बघायची. आणि गावात उरलंय कोण – म्हाताऱ्यांना पोरं इस्तंबूलला नेतात आणि तिकडेच पुरतात! गावात वर्षाला दोन मौती होतात, त्यांत बोलीत रडायची एखादी.

"तुर्कीत केलं तर नाही चालणार?" मी विचारलं.

"तुर्कीत रडलीस तर उठून बसेन. देवाशी अरबीत बोलावं, सरकारशी तुर्कीत. गाईशी आणि मेलेल्यांशी आपल्या बोलीत. पलीकडे माझी आई आहे. तिला तुर्की कुठं येत होती? तिला कळायला नको, कोण आलंय ते?"

मक्याच्या पिठाच्या कुयमाकला चीजचे धागे सुटेपर्यंत ढवळत बसले. आई म्हणाली, "खा नीट. काय हाडं निघालीत तुझी."

१८ जून

शब्द दिला आईला. तू गेलीस की तुझं रडणं मी करीन, आपल्या बोलीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कसं करणार ते देवाला माहीत.

२९ जून

गवत कापणी. दोन भारे पाठीवरून आणले. पाठ मोडून आली आहे, जेवण जात नाही.

३ जुलै

आईला चक्कर आली म्हणून ट्रॅबझॉनला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर चाळिशीचा, भला माणूस. आई त्याच्याशी मुद्दाम बोलीत बोलत होती, आणि मी मधे. तो म्हणाला, "आजी काय म्हणतायत?" मी म्हटलं, तुमचं लग्न झालंय का विचारतेय. झालंय कळल्यावर आई म्हणाली, तरीच एवढा वाळलाय.

आईला काही नाही. रक्त, छाती सगळं ठणठणीत. मग डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. "तुमचे डोळे पिवळे कधीपासून आहेत?"

मला कुठं माहीत. आरशात बघायला वेळ असतो का? आलाच आहात तर तुमच्याही तपासण्या करू म्हणाला. केल्या. पुन्हा यायचंय.

२२ जुलै

बोन्जुक गेली. वरच्या कुरणाच्या कडेला पाय घसरला आणि थेट ओढ्यात. चौदा वर्षांची गाय, या गोठ्यात जन्मलेली. मी हाका मारत खाली उतरले तेव्हा डोळे उघडे होते.

आईला सांगितलं तर ती काठी घेऊन खाली आली. तो उतार! मी नको नको म्हणत होते. ओढ्याकाठी दगडावर बसली, बोन्जुकच्या शिंगावर हात ठेवला आणि सूर लावला. मला आधी वाटलं वेड लागलं हिला. मग तिनं मधेच थांबून माझ्याकडे बघितलं, आणि कळलं. मला शिकवत होती!

आधी नाव. नाव घेतल्याशिवाय रडणं सुरू होत नाही. मग, गेलेल्याचं कुठलं काम अर्धं राहिलं ते. तेच खरं रडणं, बाकी नुसता आवाज. "बोन्जुक, गव्हाणीत अर्धं गवत ठेवून गेलीस. बोन्जुक, कासेतलं अर्धं दूध ठेवून गेलीस." तिनं सोडलं आणि मला उचलायला लावलं. मी दोन ओळी म्हटल्या. तिसऱ्या ओळीला तुर्की शब्द आला. आईनं काठी आपटली. "परत."

चार वेळा परत. मी गाईसाठी रडत होते का स्वतःच्या जिभेसाठी, ठाऊक नाही.

२३ जुलै

काल रुमालाआड फोन चालू ठेवून आईचं रडणं टिपलं होतं. आज आई परसात आहेसं वाटलं म्हणून लावलं. ती दारातच उभी! "मेलेल्या गाईला घरात आणून पुन्हा मारतेस?" पुसायला लावलं. समोर उभं राहून पुसून घेतलं. लिहून घ्यावं तर आमच्या बोलीला अक्षरं नाहीत. तुर्की अक्षरांत लिहून बघितलं. वाचलं तर औषधाच्या कागदासारखं वाटतं.

६ ऑगस्ट

ट्रॅबझॉन. एकटी गेले. आईला सांगितलं दात दाखवायला जाते.

स्वादुपिंडात गाठ आहे. यकृतापर्यंत गेली आहे. कापता येत नाही म्हणाला. मी विचारलं, किती वर्षं? तो कागद चाळत राहिला. मग म्हणाला, "महिन्यांचं बोलू या."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले. खालच्या उतारांवर बायका चहा तोडत होत्या. माझ्या मनात एकच – आईला शब्द दिलाय.

७ ऑगस्ट

आई विचारते, दात काढला का. म्हटलं, काढला.

१५ ऑगस्ट

पेम्बेकाकूंच्या कबरीवर गेले. तिथं घर नाही, जितं माणूस नाही, म्हणजे मनाई नाही. नाव घेतलं. त्यांचं अर्धं राहिलेलं काम आठवलं – नातवाचे मोजे, एकच विणून झाला होता. चार ओळी सलग आल्या! पाचवीला अडले. शब्द समोर उभा होता, लहानपणी हजारदा ऐकलेला, पण जिभेवर येईना. थडग्याशी बसून साठी उलटलेली बाई शब्द शोधतेय. आईला विचारायची सोय नाही. लगेच म्हणेल, कुणासाठी हवाय?

२६ ऑगस्ट

दुर्सुनला फोन केला. माझा धाकटा भाऊ, इस्तंबूलला बांधकामं घेतो. सगळं सांगितलं. रागावला, डॉक्टरवर, गावावर, आईवर, माझ्यावर. "इकडे ये. इथं मोठे डॉक्टर आहेत." आईला कुठं ठेवू, म्हटलं. "तिलाही आण." आई आणि इस्तंबूल! सातव्या मजल्यावर तिच्याशी बोलणार कोण?

रडण्याचंही सांगितलं. म्हणाला, "ताई, या काळात कोण असलं करतं? इमामसाहेब दुआ करतील, झालं. आणि ती ग्रीकांची भाषा – लोक काय काय म्हणतात माहीत आहे ना तुला." माहीत आहे. साठ वर्षं ऐकतेय.

आईला कळू देऊ नकोस म्हणून शपथ घातली. दुर्सुनच्या तोंडात तीळ भिजत नाही हे माहीत असून त्याला सांगितलं. नुरायला सांगायचा धीर नाही, मग दुसरं कुणाला सांगणार होते?

२ सप्टेंबर

दुखणं वाढलंय. गोळ्यांनी झापड येते.

एक गोष्ट इथंच लिहिते, कुणाला सांगायची नाही. आज नमाजानंतर हात पसरून मागितलं – आईला माझ्या आधी ने. थोडीच आधी. एक दिवस. म्हणजे मला शब्द पाळता येईल आणि ती तिच्या आईकडे ओळख घेऊन जाईल. स्वतःच्या आईचं मरण मागितलं मी. मग उठले आणि तिला चहा करून दिला. साखरेचा खडा दाताखाली धरून ती प्यायली, म्हणाली आज चहा चांगला झालाय.

३ सप्टेंबर

तौबा केली. आईला काही होऊ नये.

११ सप्टेंबर

मका खुडायचा राहिलाय. मला उठवत नाही. आई एकटीच टोपली घेऊन गेली, चार कणसं आणली. माझ्याकडे बघत नाही. दुर्सुनचा फोन येऊन गेला होता म्हणे, मी झोपलेली असताना.

विचारलं, काय म्हणाला? "पाऊस आहे म्हणाला तिकडे."

१२ सप्टेंबर

दुपारी जाग आली तर आई घरात नाही. भिंत धरत धरत गोठ्यापर्यंत गेले. गोठा जुलैपासून रिकामा आहे. दार लोटलेलं होतं. आत आईचा आवाज, दबका, थांबून थांबून, परत पहिल्यापासून. आमच्या बोलीत. एकही शब्द अडला नाही मला.

"मेडिहा, शेतात अर्धा मका ठेवून गेलीस. मेडिहा, माझं रडणं मलाच करायला ठेवून गेलीस."