गवत उगवल्याची तारीख

मनीषनगर, नागपूर
२० ऑक्टोबर २०२४

चि. ऋतुजास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. खाडीचे पाणी फार खराब आहे, हे वाक्य समुद्री वनस्पतींवर संशोधन करणारीला शोभत नाही. गढूळपणा किती, खारेपणा किती उतरला, प्रकाश तळाशी पोहोचतो काय, हे लिहावे. जन्मभर मी वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हेच शिकवले.

तुझ्या आईचे दुखणे यकृतात उतरले आहे. डॉक्टर आशा दाखवीत नाहीत आणि तिला ते ठाऊक आहे. तरी एकच धोशा: समुद्रातल्या गवतावरून अनवाणी चालायचे. ती उमरेडच्या विणकरांची लेक. तू पाठवलेली प्रत्येक वाळकी काडी तिने मागावरच्या उरल्यासुरल्या सुताने कागदावर टाचली, पण जिवंत गवत कधी पाहिले नाही. काल म्हणाली, पोरीले विचारा, तुह्या खाडीचं पाणी काहून निवळून नाही राहिलं वं? मी गेल्यावर निवळलं तर मले काय त्याचं! वर मलाच टोमणा, की मास्तरले रडायच्या आधीबी माप पाहिजे.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझे बाबा

जामनगर
८ डिसेंबर २०२४

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

मोजून लिहिते. पावसाळ्यातल्या पुरासोबत आलेला गाळ अजून तरंगतो आहे. ओहोटीलाही प्रकाश तळापर्यंत जात नाही. खारेपणा पूर्ववत झाला, परंतु खते आणि सांडपाणी यांच्यावर हिरवे शेवाळ माजले असून त्याच्या चादरीखाली गवताची मुळे काळी पडली आहेत. गवत परतले नाही. यंदा परतणार नाही.

सोबत एक कोंब पाठवते. तो मागील वर्षीचा, दाबून जपलेला. आईला मात्र नुकताच उगवला म्हणून द्यावा, आणि कागदावरच्या खूणचिठ्ठीवर उगवल्याची तारीख आजची घालावी. माघात तिला इथे आणीन, असेही सांगावे. हे आपल्याकडे मागताना मला धीर होत नाही.

आपले वात्सल्य आहे तसेच राहावे, ही विनंती.
ऋतुजा

मनीषनगर, नागपूर
२ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुजास आशीर्वाद.

आईच्या तेरवीनंतर तू कपाटातले तिने टाचलेले सारे कागद चाळलेस. काय शोधतेस, ते मला कळत होते. तोंडाने सांगणे जमले नाही.

तो कोंब मी तिच्या हाती दिला. बोटे सुजलेली, तरी तिने तो स्वतःच टाचला. टाके वाकडे गेले. तिचे वाकडे टाके मी नेहमी उसवीत असे. म्हणाली, मास्तर, या खेपेले सुई ठेवा खाली. मग शेजारच्या गोपिकाबाईंना बोलावून दाखवला: हे पाहा वं, आलं गवत! माघात जाऊन राहिली मी, चलता का पाय भिजवाले?

खूणचिठ्ठी मी लिहिली. तू सांगितलेलीच तारीख. चुकीच्या तारखेपायी मी एका विद्यार्थ्याचा वाळवलेल्या वनस्पतींचा अख्खा संग्रह नाकारला होता. या वेळी माझे अक्षर हलले नाही.

नोंद खोटी असलेला कागद संग्रहात ठेवता येत नाही. म्हणून तो तिच्यासोबत गेला. तू घाटावर पोहोचण्यापूर्वी मी तो तिच्या तळपायांखाली ठेवला.

पाणी निवळले की कळव.
तुझे बाबा