पाच हजार सातशे सत्त्याहत्तर

५ जून १९६४, शुक्र. दुबई
सुट्टी. जुम्म्याची नमाज पढून आलो. खोलीत सहा जण पत्ते कुटतायत, मी कोपऱ्यात वही घेऊन. मुंबईला कॉलेजातल्या सरांना मूळ संख्यांवरची माझी सिद्धता पाठवून दोन महिने झाले. बरोबर निघाली तर सर मला संशोधनाला परत घेणार, तसं कबूल केलंय. नाहीतर आहेच ही वखार आणि तांदळाची पोती. मूळ संख्यांबद्दल ज्याच्याशी बोलावं असा एक माणूस या गावात नाही. फार एकटं वाटतं.

२२ जून
बोट आली. सरांचं पत्र! चारच ओळी. "तिसरी पायरी पाहिली. एकापुढची प्रत्येक विषम संख्या म्हणजे एक मूळ संख्या अधिक एखाद्या वर्गाची दुप्पट, शून्याचा वर्ग धरून. हे सिद्ध केलंत की नुसतं तपासलंत?"
तपासलं. दहा हजारांपर्यंत. पण कसं, ते...

२३ जून
इथे तरी खरं लिहितो. वखारीत दहातलं एक पोतं उघडायचं, तांदूळ बरा दिसला की उरलेल्या नवांवर खडूची फुली. तीन वर्षांत हात असा बसला की संख्याही तशाच पास केल्या. दहातली एक उघडली, नऊ सोडल्या. लाज वाटली. जेवण गेलं नाही.

१४ ऑगस्ट, शुक्र.
३ पासून एकेक उघडतोय. रोज दुपारी वखार बंद असते तेव्हा. ४१०० पर्यंत आलो, सगळ्या बसल्या. शेजारच्या खाटेवरचा दाभोळचा इब्राहिम म्हणतो, "खलास कर ना बाबा आता. इतनी सही निकली, बाकीच्या पण निघतील, इन्शाल्ला."
घरचं पत्र. मुलगा चालायला लागला. मागच्या रजेनंतर जन्मलेला, अजून पाहिलेला नाही त्याला.

२३ सप्टें.
५७७७ बसत नाही. शून्यापासून त्रेपन्नपर्यंत प्रत्येकाचा वर्ग लावला, दुप्पट वजा करून बाकी एकदाही मूळ निघेना. पुन्हा लावला. मग उलट बाजूने. नाहीच. रडू आलं. आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला! सांगायचं कोणाला? इब्राहिमला सांगितलं.
"एकच पोतं खराब? फेक दे यार. तुझे सर काय सगळी उघडून बघणारेत?"

२५ सप्टें., शुक्र.
ही एकटीच असेल तर सिद्धता डागडुजी करून उभी राहील. पुढे आणखी निघाल्या तर कठीण आहे. कोण जाणे.
इब्राहिम उद्या बोटीने रजेवर चाललाय. "पत्र दे, मुंबईत सरांच्या हातात ठेवतो. यल्ला, चल लवकर, टाइम नाही." तो गेला की खराब पोत्याबद्दल बोलायलाही कोणी उरणार नाही.
दोन पत्रं लिहिली. एकात ५७७७. दुसऱ्यात "सर्व तपासलं, बरोबर आहे". इब्राहिम ट्रंकेला दोरी बांधतोय. दोन्ही पत्रं माझ्या मांडीवर. पाकीट एकच आणलंय.