उलटी लावलेली पत्रं

३ फेब्रुवारी
बाबांची पत्रं भिंतीवर लागणार! चित्रं म्हणून! गॅलरीच्या बाई आज घरी आल्या आणि सगळी पत्रं पसरून बसल्या. बाबांनी जन्मभर नकाशे काढले, तोच हात पत्रांतही — वळणं घेत जाणाऱ्या ओळी, समासात चढलेली अक्षरं, मधेच कोरी सोडलेली जागा. मी हॉस्टेलवर होते तेव्हा दर आठवड्याला एक यायचं. आई चहा करताना चक्क गुणगुणत होती. बाबा वारल्यापासून पहिल्यांदाच.

५ फेब्रुवारी
बाईंना नेमकं तेच हवंय. हिरव्या शाईतलं पत्र. "हे नसेल तर प्रदर्शनात जीव नाही." आहेच ते सगळ्यांत देखणं, काय करू! पण त्यात लिहिलंय — तुझ्या आईबरोबर आता राहवत नाही, तुझं शिक्षण झालं की मी घर सोडणार. बाबा शेवटपर्यंत घर सोडून कुठेही गेले नाहीत. मीही कुणाजवळ बोलले नाही. आणि आईने आता, या वयात, चारचौघांत ते वाचायचं?

६ फेब्रुवारी
नाही म्हणून सांगायला फोन उचलला. ठेवला.

९ फेब्रुवारी
सुटले! बाईंना अर्धंच सांगितलं — मजकूर खाजगी आहे. त्या म्हणाल्या, "मग सगळीच उलटी लावू. डोकं खाली, पाय वर. वाचता आलं की लोक बघतच नाहीत." फ्रेमवाला वैतागला. "ताई, माझी अब्रू जाईल हो! लोक म्हणतील, म्हाताऱ्याला दिसत नाही."

१० फेब्रुवारी
आईला सांगितलं. "उलटी? डोकं फिरलंय का तुझं?" मग म्हणाली, "लावा, तुम्हा लोकांना त्यातलं कळतं." आणि नवा चष्मा करायला निघालीसुद्धा.

१७ फेब्रुवारी
उद्घाटन झालं. लोक माना वाकड्या करून बघत होते. बाई खूश. आई हिरव्या पत्रासमोर थांबली ती हलेचना. मी धावत गेले. "आई, चल, जरा बस." तिचे ओठ हलत होते. वाचत होती! उलटं, ओळीमागून ओळ, कुठेही न अडखळता. घरी आल्यावर तिने चष्मा पुसून डबीत ठेवला. मला विचारायचा धीर झाला नाही. फार भीती वाटतेय.

१८ फेब्रुवारी
सकाळी चहा गाळताना आईच म्हणाली — "तुझे बाबा पत्र लिहायला बसले की मी टेबलाच्या पलीकडे भाजी निवडत बसायचे. सगळी तशीच वाचलीत मी. ते हिरवं लिहून झालं आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, द्या इकडे, पाकीट मी चिकटवते."