वाचून झाल्याची छत्री

मास्तर,

नमस्कार. राग अजून शाबूत असेल तर हा नमस्कार टेबलावर ठेवून द्यावा आणि उतरल्यावर घ्यावा; तो नासणारा नाही. वहिनींचा गुडघा कसा आहे? नुसता जिना चढताना कुरकुरतो की आता उतरतानाही? लेकीचा बसलेला घसा सुटला का? जावईबापूंच्या पित्ताचं काय? नातीचे पुढचे दात आले असतील आणि तुमचे मागचे गेले असतील, म्हणजे घरात हिशोब सारखाच. कुत्र्याच्या कानाची खाज थांबली का? आता तुमचं विचारतो. तुम्ही या रांगेत शेवटी, तेही पाठ करून उभे आहात, म्हणून उशीर झाला. माझ्या मागच्या पत्रांना उत्तर नाही, तेव्हा मास्तरांचा हात दुखतो असं मी इथे सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. कोणी विचारलंच तर निदान कण्हून दाखवा.

राग कशाचा ते मला ठाऊक आहे. आपल्या वाचनालयाचं छप्पर गळायला लागलं, आणि पुस्तकं शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाला देऊन टाकायची का, असं सभेत विचारल्यावर माझा हात वर गेला. तुम्ही चष्मा खिशात घातलात आणि जाता जाता म्हणालात, “जन्मभर लोकांच्या छत्र्या दुरुस्त केल्या, पण चार पत्रे बसवता आले नाहीत गड्याला!” मास्तर, ते इतकं बरोबर लागलं की मला उत्तरच सुचलं नाही. (आता सुचलं आहे. छत्रीला दांडा असतो, तो धरता येतो. छप्पर कुठे धरायचं? पण इतक्या उशिरा सुचलेलं उत्तर काय कामाचं?) त्यानंतर तुम्ही लेकीकडे राहायला गेलात, आणि मी मनाशी ठरवलं की एकदा शहरात जाऊन आपली पुस्तकं कशी आहेत ते डोळ्यांनी बघून यायचं आणि तुम्हाला कळवायचं. चांगलं कळवता आलं असतं तर हे पत्र छोटं झालं असतं.

शहरात पुतणीकडे उतरलो. ती नर्स आहे, त्यामुळे तिने माझ्या सहलीचा कार्यक्रम औषधाच्या वेळांसारखा आखला होता: न्याहारीनंतर नवं वाचनालय, जेवणानंतर वारसा केंद्र, आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या पोटी आपली पुस्तकं. नव्या वाचनालयाचं काय सांगू? इतकं स्वच्छ की काचेचं दार आहे हे मला नाकाने कळलं. आत गेलो तर पुस्तकं कुठे दिसेनात. ती म्हणे तळघरात असतात, मागितली की वर येतात. तोवर बसायला खुर्ची दिली, ती गोल फिरणारी. मी वळून खिडकीकडे बघायला गेलो आणि पुन्हा होतो तिथेच आलो. समोर बसलेली मुलगी हसू दाबता दाबता खोकायला लागली, तर शांतता राखा म्हणून तिलाच कोणीतरी दटावलं. माझ्यामुळे बिचारीला बोलणं खावं लागलं. मी उठलो तो पुस्तक न बघताच.

वारसा केंद्रात तर माझी चोरीच पकडली गेली. तिथे काचेमागे जुन्या संसारातल्या वस्तू मांडल्या आहेत: कोळशाची इस्त्री, वातींचा स्टोव्ह, लाकडी मुठीची काळी छत्री. या सगळ्यांवर मी भरभरून बोलत होतो (पुतणी घड्याळ बघत होती). बाहेर पडताना रखवालदाराने माझ्या हातातल्या छत्रीवर बोट ठेवलं. “आजोबा, ही ठेवा जागेवर.” मी म्हटलं, अरे ही माझी आहे, रोजच्या वापरातली. तो म्हणाला, “सगळे असंच म्हणतात.” आता सगळे म्हणजे कोण, आणि किती छत्र्या गेल्या, देव जाणे. शेवटी त्याने आत जाऊन काचेमागची छत्री जागेवर असल्याची खात्री करून घेतली. मला राग नाही आला, मास्तर. पण त्याने दोन्ही छत्र्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि नंतर माझ्याकडे बघितलं ना, तेव्हा वाटलं की हा आता मलाही आत ठेवतो.

आता आपल्या पुस्तकांकडे येतो. (इतका वेळ इकडे तिकडे का फिरवलं ते तुमच्या लक्षात आलं असेलच. तुम्ही वर्गात वाईट निकाल वाचण्याआधी असेच हवापाण्यावर बोलायचात.) त्या मोठ्या ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर जुन्या पुस्तकांचा वेगळा विभाग आहे. गार खोली, खिडक्यांना जाड पडदे. आपली पुस्तकं खोक्यांत झोपवली आहेत. कोरडी आहेत, पुसलेली आहेत, झुरळाचं नाव नाही. मोठ्या इस्पितळात ठेवलेल्या माणसाला भेटायला जावं तसं वाटलं: सेवा उत्तम, पण आपलं माणूस आपल्याकडे बघत नाही. घरी कोणालाच नेता येत नाहीत. तिथेच बसून, हातमोजे घालून वाचायची. शाईचं पेन खिशातून काढून घेतात आणि त्याऐवजी पेन्सिल देतात. वाचायला येतं कोण असं मी तिथल्या ग्रंथपाल बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “येतील ना. यादी पूर्ण झाली की येतील.” बाई तरुण आहेत, वाईट नाहीत. पण आपल्याकडे दारात चपलांचा ढीग असायचा तो आठवला आणि माझा वर गेलेला हात हातमोज्यात एकदम जड झाला.

मी दीपगृहाच्या रखवालदाराची कादंबरी मागितली. तीच, तुमची लाडकी. तुम्ही ती आम्हाला इतक्यांदा सांगितलीत की वाचायची कधी गरजच पडली नाही. म्हटलं, आज मास्तर नाहीत तर मास्तरांची गोष्ट तरी भेटेल. सकाळी बसलो तो पुतणीने डब्यात दिलेलं खायचंही विसरलो. गोष्ट संपली, डोळे पुसले (हातमोजे त्या कामाला चांगले आहेत), आणि जन्मभराच्या सवयीने पेन्सिल उचलून शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात छत्री काढली. दांडा वळवत होतो तेवढ्यात मागून आवाज आला. “आजोबा! काय करताय?”

आता काय करतोय ते सांगणं किती अवघड झालं! तुम्हाला जे सांगायला नको ते बाईंना पहिल्यापासून सांगावं लागलं: पुस्तक पुरतं वाचून झालं की आमच्याकडे प्रत्येकजण शेवटच्या पानावर आपली खूण करतो, म्हणजे म्हातारपणी तेच पुस्तक पुन्हा घरी नेलं जात नाही. माझी छत्री, मास्तरांचा चष्मा, शिंप्याचं बटण, कंपाउंडरची बाटली. अर्ध्यात सोडलेल्या पुस्तकावर खूण करायची नाही, हा नियम. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खोडरबर आणून समोर ठेवलं. पेन्सिल त्यांची, रबर त्यांचं, कष्ट तेवढे माझे. छत्री पुसली. त्यांनी दुसरं पुस्तक उघडलं, तिसरं उघडलं. सगळीकडे आम्हीच होतो. “हे सगळंच पुसावं लागेल,” त्या म्हणाल्या. “आता पानांचे फोटो काढायचे आहेत. महिनाअखेरपर्यंत स्वच्छ करून द्यायला सांगितलंय.”

छत्रीचं मला काही नाही. चष्म्यासाठी तुम्ही भांडायला समर्थ आहात. पण मास्तर, कंपाउंडर जाऊन कितीतरी दिवस झाले, त्याला ना लेक ना लेकरू, घरही विकलं गेलं. तो होता हे सांगणारी वस्तू म्हणजे त्या बाटल्या. बाटलीवर बूच रेखायलाही विसरायचा नाही तो. मी रबर खाली ठेवलं आणि म्हटलं, बाई, माझ्या हाताने एवढं होणार नाही. मग मी बोलतच सुटलो. आजारी माणसाला तो औषधाच्या बाटलीबरोबर पुस्तकही द्यायचा, आणि पुस्तक परत आलं की माणूस बरा झाला असं धरायचा, हेही सांगितलं.  मी जिना उतरताना मागे वळून पाहिलं तर त्या खोक्यातली पुस्तकं काढून फक्त शेवटचीच पानं उघडून बघत होत्या.

तर असं सगळं झालं. पुस्तकं सुखरूप आहेत, काळजी करू नका. मीही घरी सुखरूप पोचलो आहे. वहिनींना नमस्कार, नातीला पापा. उत्तर लवकर पाठवा. दुखऱ्या हाताने लिहिलेलं चालेल, रागाने लिहिलेलं तर पळेल.

तुमचा,
छत्रीवाला

ता. क. सुखरूप म्हटलं ते महिनाअखेरपर्यंतचं. मी खालच्या दारापर्यंत पोचलो तोवर बाई मागून आल्या होत्या. म्हणाल्या, कोणती खूण कोणाची हे सांगणारी माणसं येऊन सांगतील तर मी वरच्या साहेबांशी बोलून बघते, खुणांसकट फोटो काढता येतील का ते. पण एकट्याच्या बोलण्यावर साहेब विश्वास ठेवणार नाहीत. त्यातून तो एकटा खुणा करताना पकडला गेलेला. शिंपी येतो म्हणाला आहे. तुम्ही चांगलं बोलता, साहेबांना तुमच्यासारखाच माणूस लागतो. माझ्यासाठी येऊ नका, कंपाउंडरसाठी या. पुतणीकडे तिघांची झोपायची सोय आहे.

आणखी एक ता. क. हे लिहू की नको करत होतो. त्या दीपगृहाच्या कादंबरीवर बाटली आहे, आणि आता पुसलेल्या छत्रीचा डाग आहे. चष्मा नाही. मी पान उलटून पालटून बघितलं. तुम्ही आम्हाला सांगायचात की रखवालदार दिवा लावून वाट बघत राहतो आणि रुसून गेलेला भाऊ काही परत येत नाही. आम्ही सगळे डोळे पुसायचो, तुम्ही चष्मा पुसायचात. हे मी कोणाला बोललेलो नाही, शिंप्यालाही नाही (आणि कंपाउंडरला तर ठाऊकच असणार, त्याने जन्मभर तोंडातून अवाक्षर काढलं नाही). पण मास्तर, शेवटची पानं राहिली आहेत तुमची. या, तुमच्यासाठी हातमोजे मागून ठेवतो. भावाची होडी येते हो.