जावयाची डोकेदुखी

मधला तळ,
३ सप्टेंबर

प्रिय बाईसाहेब,

स. न. वि. वि. मधल्या तळावर सुखरूप पोचलो. इथे झाडं संपली. हवा स्वच्छ आहे, पण पुरत नाही. बुटाची नाडी बांधायला वाकलो, की उठल्यावर जरा वेळ नुसतं उभं राहून श्वास गोळा करावा लागतो. तंबूत मी आणि तुझे बाबा. मध्ये पिशव्यांची भिंत. ती बाबा गुपचूप माझ्या बाजूला सरकवतात आणि वर मीच पसरलोय म्हणून बोलतात.

आता मुद्दा. बाबांना खोकला झालाय. कोरडा, खोलवरून येणारा. चढावर ओठ निळसर दिसतात. वाटाड्यानं विचारलं तर म्हणाले, धूळ गेली. इथे सगळीकडे बर्फ आणि दगड. धूळ आणायची कुठून? मी थांबू या म्हटलं, की उत्तर ठरलेलं: थकला असाल तर तसं सांगा.

म्हणून तसं सांगितलं. काल चढाच्या मध्यावर कपाळ धरून खाली बसलो. डोकं फुटतंय म्हणालो. सगळे थांबले. बाबा माझ्यावर चिडत शेजारी टेकले, आणि चिडता चिडता त्यांचा श्वास जागेवर आला. आज पुन्हा तेच केलं. गणिताच्या तासाला दुखणारी पोरांची पोटं इतकी वर्षं पाहतोय. काही तरी शिकलो असेनच.

धास्ती एकच. आजारपणाच्या रजेवर असलेल्या कामगारांच्या दारात अवचित उभं राहून त्यांचं दुखणं खरं की खोटं हे ठरवण्यात या माणसाची सगळी नोकरी गेली. कारखाना सुटला, नजर सुटलेली नाही. परवा जेवताना ताटाऐवजी माझ्या तोंडाकडेच बघत होते.

वरच्या तळापर्यंत खोकला थांबला नाही, तर वाटाड्या आम्हा दोघांना खाली हाकलून देईपर्यंत कण्हायचं, असं ठरवलंय. त्यांना यातलं अक्षर कळू देऊ नकोस.

कळावे. लोभ वाढला नाही तरी आहे तेवढा टिकव.

तुझा,
मास्तर

ता. क. माझं डोकं ठणठणीत आहे.


मधला तळ,
४ सप्टेंबर

चि. पोरीस,

अ. उ. आ. मी मजेत आहे. तुझे यजमान मजेत आहेत असं मला वाटतं. त्यांना तसं वाटत नाही.

जावईबापूंचं डोकं दुखतं. चढावर दुखतं, सपाटीवर दुखत नाही. जेवणाच्या वेळी तर कधीच दुखत नाही. आज दुपारी पत्ते खेळलो. पानं लक्षात ठेवून, माझा हुकूम ओढून घेऊन त्यांनी मला हरवलं. डोकं फुटत असलेल्या माणसाला समोरच्याच्या हातात काय उरलंय हे आठवत नाही. शिवाय ते कण्हण्याआधी मी बघतोय ना, याची खात्री करून घेतात. असली माणसं मी पुष्कळ पाहिली. बहुतेकांना घरी रंगकाम काढायचं असायचं.

यांना काय काढायचंय ते मला कळत नाही. म्हणून तुझ्यावर संशय आहे. निघायच्या दिवशी जिन्यात तुम्ही दोघं कुजबुजत होता आणि मी आल्यावर गप्प झालात. तू त्यांना माझ्यावर पाळत ठेवायला धाडलंस का? मला वर जाऊ द्यायचं नाही, असं ठरलंय का तुमचं? निवृत्त झालो तेव्हा कचेरीनं आरामखुर्ची दिली. तेव्हापासून जो तो मला बसा म्हणतो. मला ही खिंड चालून जायची आहे. बाकी माझं काही मागणं नाही.

त्यांनी तुला माझ्या खोकल्याचं कळवलं असणार. धूळ आहे.

तेव्हा खरं काय ते लिही. दुखणं खरं असेल तर त्यांना खाली धाडतो. खोटं असेल तर वरच्या तळावर कण्हत ठेवतो आणि एकटा पुढे जातो. पत्र वरच्या तळावर पाठव. शिधा घेऊन खेचरं येतात, त्यांच्याबरोबर टपालही येतं.

कळावे. तुझ्यावर विश्वास नसला तरी लोभ आहे.

तुझे,
बाबा


घर,
८ सप्टेंबर

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. तुमचं आणि ह्यांचं पत्र एकाच दिवशी मिळालं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली. वाटलं, दोन निरनिराळ्या डोंगरांवर गेला आहात.

आज दवाखान्यात एक आजोबा कान तपासायला आले. त्यांना माझ्या काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबा, असं सांगितलं. मी आवाज सोडायच्या आधीच त्यांनी बटण दाबायला सुरुवात केली. त्यांना आपलं सगळं ठीक आहे हे दाखवायचं होतं. मला तुमची फार आठवण झाली. राग आला तर येऊ दे.

जिन्यात मी ह्यांना एवढंच म्हणाले होते, की बाबांना एकटं सोडू नका. डोकेदुखीचं माझ्याकडून गेलेलं नाही. ते ह्यांचं स्वतःचं डोकं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि सांगितलं म्हणून हे माझ्याशी महिनाभर अबोला धरतील. ह्यांचं डोकं दुखत नाही. दुखलेलंच नाही. तुम्ही खोकता, ओठ निळे पडतात आणि थांबत नाही, म्हणून हे तुमच्यासाठी थांबतात. तुमचा मान राहावा म्हणून स्वतःचा घालवतात. ह्यांनी मला तसं स्पष्ट लिहिलंय.

आता तरी एकटे पुढे जाऊ नका. वाटेत श्वास अडकला तर शेजारी कुणी आपलं माणूस नको का? हे कितीही कण्हले तरी मागे ठेवू नका. ओढत न्यावं लागलं तरी बरोबर न्या. ह्यांना काहीही झालेलं नाही.

नाहीतर दोघं परत या. मला तेच आवडेल, पण माझं ऐकतंय कोण?

कळावे. संशय कमी आणि लोभ जास्त असावा.

तुमची,
पोर


वरचा तळ,
१० ऑगस्ट

प्रिय बाईसाहेब,

वि. वि. वरच्या तळावर आलो. बाबांचा खोकला गेला. खरंच गेला. ओठ लाल आहेत, भूक लागते, आज तर गुणगुणत होते. सूर अगदी वाईट. मला स्वतःचे कोरडे मोजे दिले आणि दिले नाहीत असं दाखवलं. जिन्यातला दिवा बदलायचा राहिलाय, तो बदलून घे.

आता गंमत ऐक. माझं डोकं दुखतंय. डोळ्यांच्या मागे, घण घातल्यासारखं. सकाळी तंबूच्या मागे जाऊन ओकलो. कुणी पाहिलं नाही. बोटं ऐकत नाहीत, नाडी बांधता येत नाही, नुसती बुटात खोचून टाकतो. इतके दिवस दुखत नव्हतं तेव्हा सगळ्या डोंगराला सांगत सुटलो होतो. आता कुठल्या तोंडानं सांगू? आणि बाबांनी खरं मानलं तर त्यांना माझ्यामुळे इथून परत फिरावं लागेल. खिंड समोर दिसते. एक चढ तर आहे. माणूस एक चढ चढू शकतो.

म्हणून आता ठीक आहे म्हणतो. मला अगदी ठीक वाटतंय असं आज मोठ्यानं सांगितलं.

जिन्यातला दिवा बदलायचा राहिलाय. कुणी पडेल.

तुझा,
मास्तर


घर,
१४ सप्टेंबर

ती. बाबांस,

नमस्कार. आधीच्या पत्रात मी लिहिलं ते सगळं खोटं समजा. ह्यांचं डोकं खरंच दुखतंय.

ह्यांचं पत्र आज आलं. वर्षभर फळ्यावर आखल्यासारखं लिहिणारा हा माणूस. पत्रातल्या ओळी उतरत उतरत कागदाच्या कडेवरून खाली गेल्यात. दिव्याचं एकच वाक्य दोनदा लिहिलंय. वर तारीख ऑगस्टची घातलीय. ओकल्याचंही लिहिलंय, आणि हे तुम्हाला सांगणार नाहीत. ठीक आहे म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना पत्र दाखवलं. ते म्हणाले, अशा माणसाला एक पाऊलही वर नेऊ नका, लगेच खाली उतरवा; उशीर केला तर हाती लागणार नाही. मी तार केली आहे. पण तार पायथ्याच्या गावापर्यंतच जाते, पुढे खेचरं कधी निघतील ते टपालखात्यालाही सांगता येईना.

ओढत न्या, असं मीच लिहिलं होतं. ते पत्र तुमच्या हाती पडूच नये, असं आता वाटतंय.

तुमची,
पोर


पायथ्याचं गाव,
१६ सप्टेंबर

चि. पोरीस,

आम्ही खाली आहोत. तो जिवंत आहे. इथल्या दवाखान्यात झोपलाय, बोलतो, सकाळी पेज प्यायला. आता बस आणि पुढचं वाच.

तुझं पहिलं पत्र वरच्या तळावर मिळालं. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? डोकेदुखी खोटी, हे मी ओळखलं होतं. माझ्यासाठी केली, हे ओळखलं नव्हतं. ते वाचून जरा वेळ बाहेर दगडावर बसलो. मग आत जाऊन त्याला म्हणालो, चला, दोघं मिळून जाऊ. तो लगेच उठला.

चढ सुरू झाला. इतके दिवस प्रत्येक वळणावर कपाळ धरणारा माणूस एका शब्दानं कुरकुरला नाही. मी विचारलं, डोकं कसं आहे? छान म्हणाला. हसला. मला पाणी हवं का विचारलं. तुझं पत्र म्हणत होतं धडधाकट आहे. माझा आधीचा निकाल म्हणत होता धडधाकट आहे. आता तो स्वतःही तेच म्हणत होता. सगळ्यांची जबानी इतकी जुळली की मला खटकतं.

नोकरीत एक गोष्ट पाहिली होती. खोटा आजारी मला दारात बघून आडवा व्हायचा. खरा आजारी उठून बसायचा, उद्या कामावर येतो म्हणायचा. नोकरी जाईल ही भीती त्यालाच असायची.

मी त्याला म्हणालो, समोरच्या दगडापर्यंत सरळ चालून दाखव. तो निघाला आणि झिंगल्यासारखा बाजूला गेला. वारा फार आहे म्हणाला. वारा नव्हता. पायाकडे पाहिलं तर नाड्या सुटलेल्या.

मी मागे फिर म्हटलं. ऐकेना. मीच वर जायचं टाळतोय आणि खापर त्याच्यावर फोडतोय असं म्हणाला, मला शिवी दिली, माझा हात झटकला आणि वरच्या बाजूला चालायला लागला. हा माणूस गेली कित्येक वर्षं माझ्यासमोर पाय पसरून बसलेला नाही.

तेव्हा मी खाली बसलो आणि खोकायला लागलो. मला काही होत नव्हतं. तरी खोकलो, छाती धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणालो, मास्तर, मला श्वास घेता येत नाही, मला खाली न्या. तो थांबला. वळून बघितलं. मग आला आणि माझ्या काखेत हात घातला. मला धरून तो उतरत होता आणि त्याला धरून मी. त्याचे पाय गेले तिथून पुढे वाटाड्यानं आणि हमालानं त्याला पाठीवर घेतलं.

तार आणि तुझं दुसरं पत्र इथे आल्यावर मिळालं. पहिल्या पत्राबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. तू खरं तेच लिहिलंस, ते वाटेत जुनं झालं. मी कुणाच्याच सांगण्यावर विश्वास ठेवत नाही याचा तुझ्या आईला फार त्रास झाला. तुलाही झाला असेल.

खोकल्याचं त्याला सांगू नकोस.

कळावे. आता लोभाबद्दल लिहायचं काही उरलेलं नाही.

बाबा


पायथ्याचं गाव,
१९ सप्टेंबर

प्रिय बाईसाहेब,

स. न. वि. वि. तारीख बरोबर आहे ना बघ. आता ओळीही सरळ येतात. इथले डॉक्टर म्हणाले, आणखी चढ चढलो असतो तर मला उतरवायची गरजच उरली नसती. चार-सहा दिवसांत घरी सोडतील.

वरचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. मी बाबांना काही तरी वाईट बोललो असं वाटतं. काय ते विचारलं तर म्हणतात, कविता म्हणत होतात. ते माझ्या खाटेशी स्टूल टाकून बसलेले असतात. परिचारिकेनं औषध दिलं की ती गेल्यावर मला तोंड उघडून दाखवायला लावतात. गिळलं की नाही, याची खात्री करतात.

परवा आमच्या गटातली मंडळी खिंड ओलांडून, वळसा घालून इथे आली. बाबांनी त्यांना दवाखान्याच्या फाटकातच गाठलं आणि मी झोपलोय म्हणून परत पाठवलं. मी जागा होतो. खिडकीतून दिसत होतं. आज गटाचा स्वयंपाकी मागच्या दारानं भेटून गेला. म्हणाला, खिंडीत लख्ख ऊन होतं, पलीकडची सगळी शिखरं दिसली, फार मजा आली, तुम्ही दोघं हवे होतात.

संध्याकाळी बाबा आले. मी म्हणालो, माझ्यामुळे तुमची खिंड राहिली. ते म्हणाले, कसली खिंड, त्या दिवशी वर दाट धुकं होतं, कुणालाच जाता आलं नाही, सगळे परत फिरले. मी विचारलं, नक्की? तर चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, माझ्यावर संशय घेता काय?

मी नाही म्हणालो.

कळावे. लोभ असावा, आणि बाबांनी विचारलं तर धुकंही असावं.

तुझा,
मास्तर