टाकीतले पाय माझेच

तीर्थस्वरूप मावशी,

या खेपेला उभ्याउभ्याच नमस्कार करतो. वाकायला डॉक्टरांनी अजून काही दिवस मनाई केली आहे. का, ते पुढे येईलच, आणि तू ते आधीच ऐकलं असशील तर आता माझ्या तोंडून ऐक. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कट्ट वाजतो म्हणाली होतीस, तो आवाज गेला की जिन्यावरच्यांना त्याची सवय झाली? दवाखान्यातून निवृत्त होऊनही तू शेजारपाजारच्यांना धरून धरून त्यांचे रक्तदाब मोजतेस, असं आई सांगत होती. तिची तब्येत उत्तम आहे. माझ्यावर रागावलेली असली की ती नेहमीच उत्तम असते.

मामीने तुला फोन केला असेलच, की तुझा भाचा बिअरच्या टाकीत पडला आणि अग्निशमन दलाच्या लोकांनी त्याला ओढून काढला. वर्तमानपत्रातला फोटोही पाठवला असेल. त्या फोटोत एक चकचकीत टाकी, टाकीला एक गोल दार, आणि दारातून बाहेर आलेले दोन पाय एवढंच दिसतं. खाली नाव छापलेलं नाही. तरी मामीने मला ओळखलं, ते तू विणलेल्या मोज्यांवरून. (एक हिरवा आणि दुसरा जवळजवळ हिरवा. ऐनवेळी लोकर संपली, असं तू तेव्हा म्हणाली होतीस.) तर पाय माझेच आहेत. पण मी पडलो नव्हतो, टाकीत बिअर नव्हती, आणि मी प्यायलेलो तर मुळीच नव्हतो. हे नीट समजावून सांगायचं तर दाढेपासून सुरुवात करावी लागेल.

माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक दातांचा डॉक्टर आहे. माणूस लाखात एक, पण तो काहीही विचारतो ते समोरच्याच्या तोंडात आरसा, नळी आणि स्वतःची दोन बोटं घातल्यावरच. गेल्या हिवाळ्यात माझी दाढ भरताना तो म्हणाला, की आम्ही काही रसिक मंडळी शनिवारी दुपारी जमतो, छोट्या कारखान्यांच्या नवनव्या बिअर चाखतो आणि त्यांच्यावर लिहितो, तर तुम्हीही येणार ना? मी 'आ' म्हणालो. त्याने तो होकार धरला. अशा रीतीने मी रसिक झालो.

जमायची जागा म्हणजे त्याचीच वेटिंग रूम. भिंतीवर किडलेल्या दातांचे रंगीत तक्ते, आणि बिअर प्यायला चूळ भरायचे कागदी पेले. प्रत्येकाला दोन-तीन घोट मिळायचे, त्यामुळे तू मनात जे चित्र रंगवते आहेस ते पुसून टाक. मंडळी म्हणजे तरी कोण, तर डॉक्टर, शाळेतून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या एक बाई, आणि घरोघरी जाऊन लोकांचे पियानो सुरात लावून देणारा एक गृहस्थ. बाई बिअरला मार्क द्यायच्या आणि बाटलीवरच्या मजकुरात शुद्धलेखनाची चूक सापडली की कापायच्याही. पियानोवाला डोळे मिटून सांगायचा, की खालच्या पट्टीत भरीव आहे पण वर गेली की चिरकते. डॉक्टर हिरड्यांच्या दृष्टीने बोलायचा. मला बिअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शब्द बरे सुचायचे. एका बिअरला मी 'नुकतंच सारवासारव केल्यासारखी' असं म्हटलं, तर सगळ्यांनी माना डोलावल्या. पियानोवाला ही सगळी मतं इंटरनेटवर टाकायचा आणि (माझाही यावर आधी विश्वास बसला नव्हता) लोक ती वाचायचे.

अशातच मला ती दांडगी सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वास घेऊन गेली. साबण आणि सांडपाणी मला एकच झालं. वासाबरोबर चवही जाते हे तुला मी काय सांगणार; जिभेला कडू, गोड आणि गार एवढंच समजायचं. खरं तर मंडळींना हे सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण नेमकं त्याच आठवड्यात बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, की तुमच्या नाकात प्रतिभा आहे. मावशी, माझ्या नाकाबद्दल आजवर पुष्कळांनी पुष्कळ म्हटलं आहे, पण हे कुणीच म्हटलं नव्हतं. मी गप्प बसलो.

तेवढ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला, जिथे पूर्वी लाँड्री होती तिथे, बिअरचा एक छोटा कारखाना निघाला. पुढच्या बाजूला चार टेबलं, मागे टाक्या. मालकीणबाई आधी औषधांच्या दुकानात होत्या. उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि हसल्या तर एका गालाने हसणाऱ्या. (हे तपशील केवळ प्रसंग स्पष्ट व्हावा म्हणून देतो आहे.) आम्ही चौघं गेलो. त्यांनी काळ्या रंगाची एक बिअर पुढे ठेवली. बाईंना तिच्यात कॉफी लागली, डॉक्टरला भाजलेला पाव, पियानोवाल्याला तर सेलो या वाद्याचा सूरच लागला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नाक पेल्यात घातलं, आत शुकशुकाट. घाबरून इकडेतिकडे पाहिलं तर पेल्याखाली पुठ्ठ्याची गोल चकती होती, चांगली भिजलेली. मी म्हणालो, शेवटी कुठेतरी भिजलेला पुठ्ठा, आणि त्यामागे उगाचच एक उदासी.

पियानोवाल्याने इतर तिघांची मतं खाली टाकली आणि माझं वाक्य मथळ्यात घेतलं. गावात ते वाक्य असं काही पसरलं, की गिऱ्हाईक त्या दुकानात शिरायचं, पेला नाकाशी न्यायचं, 'पुठ्ठा!' असं म्हणायचं आणि समाधानाने निघून जायचं. आठवडाभरात तिथली टेबलं रिकामी दिसायला लागली. मी त्या बाजूने जाणं सोडलं. दूध आणायलाही लांबच्या दुकानात जायला लागलो.

एका सकाळी मालकीणबाई माझ्या दुकानात आल्या, डोळे तपासायचे आहेत म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मी त्यांच्या नाकावर तपासणीची ती जाडजूड फ्रेम चढवली, दिवा बारीक केला आणि सवयीने म्हणालो, "सगळ्यात खालची ओळ वाचा."

त्या तक्त्याकडे न बघता म्हणाल्या, "'शेवटी कुठेतरी भिजलेला पुठ्ठा, आणि त्यामागे उगाचच एक उदासी.' बरोबर वाचलं?"

मी म्हणालो, "आता डावा डोळा झाका."

डावा डोळा झाकून त्या उजव्याने माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "निघाले होते ती भांडायलाच. पण आधी म्हटलं, खात्री करून घेऊ. सगळ्या बाटल्या काढल्या, पेटीमागून पेटी तपासली. झाकणं बसवायच्या यंत्राचं रबर झिजलंय, बाटलीत हवा शिरतेय. आणि हवा लागली की बिअरला पुठ्ठ्याचाच वास येतो. अजून इतका पुसट आहे, की मी केली असून मला कळला नव्हता. तुम्हाला कसा कळला?"

मावशी, तू माझ्या जागी असतीस तर खरं बोलली असतीस. पण तुझ्यासमोर कधी कुणी एक डोळा झाकून इतक्या आदराने बघत बसलं नसेल. मी म्हणालो, "अनुभव." (या शब्दावरचा माझा विश्वास तेव्हापासून उडाला आहे.)

झालं. रबर बदललं, पियानोवाल्याने तसं जाहीर केलं, टेबलं पुन्हा भरायला लागली, आणि मी त्या कारखान्याचं अधिकृत नाक झालो. रोज संध्याकाळी दुकान बंद करून मी टाक्यांवरून नाक फिरवायला जायचो. पद्धत सोपी होती. वास घेतल्यासारखं करायचं आणि मालकीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघायचं. कपाळाला आठी असली तर म्हणायचं, "काहीतरी बिनसलंय." एक गाल हलला तर म्हणायचं, "जमलंय." त्या लगेच म्हणायच्या, "मलाही तेच वाटत होतं." मग थोडं थांबायचो. जव गरम पाण्यात कसे भिजवतात, त्यांचं गोड पाणी कसं काढून घेतात, मग ते कडू फुलं घालून कसं उकळतात, हे सगळं त्या सांगायच्या. टाकी घासायचा ब्रश कसा धरायचा तेही शिकलो. घरी आई विचारायची, रोज एवढा उशीर का? मी सांगायचो, चष्म्यांचा सीझन आहे.

आता तो शनिवार. नवी फिकट रंगाची बिअर करायला घेतली होती आणि कारखाना आतून बघायला गावाला बोलावलं होतं. बरीच गर्दी, त्यात आमची मंडळी, वर्तमानपत्राचा फोटोवाला. गोड पाणी नुकतंच काढून घेतलेलं, टाकीत नुसते कोमट ओले जव उरलेले. मालकीणबाई सगळ्यांना म्हणाल्या, "थांबा, आधी आमच्या नाकाला विचारू." मी स्टुलावर चढलो, टाकीच्या गोल दारात डोकं घातलं. नुसतं डोकं घालणं फारच वरवरचं दिसेल असं वाटून एक खांदा घातला, मग दुसरा. तेवढ्यात स्टूल सरकलं. मी पोटापर्यंत आत गेलो आणि तिथे थांबलो. पुढेही जाईना, मागेही येईना. पोट माझं वडिलांकडचं आहे, तुमच्या घराण्याचा यात काही दोष नाही.

आत काळोख, वाफ, आणि नाकासमोर वीतभर अंतरावर जवांचा ढीग. तुझ्या वाफाऱ्याच्या पातेल्यावर लहानपणी मला डोक्यावरून टॉवेल घालून बसवायचीस, अगदी तसं. आणि मावशी, नाकात कुठेतरी काहीतरी सुटलं. आधी थोडंसं, मग एकदम सगळं. भट्टीतून काढलेला पाव, ओलं गवत, कोमट दूध, आणि कसा कोण जाणे, तुझ्या दवाखान्यातल्या इस्त्रीच्या चादरींचा वास. कित्येक महिन्यांनी मला जगाचा वास येत होता. मी उलटा लटकलेला, डोळ्यांतलं पाणी कपाळाकडे वाहतंय, अशा अवस्थेत मी स्वतःशीच बोलायला लागलो. म्हणालो, अरे, वास येतोय. म्हणालो, इतके दिवस मला कसलाच वास येत नव्हता, पुठ्ठा मी टेबलावरचा बघून ठोकून दिला, आठ्या आणि गाल बघून निकाल दिले. आणखीही एक वाक्य बोललो, ते इथे लिहीत नाही.

पोलादी टाकीत माणूस स्वतःशी बोलला तर ते रस्त्यापर्यंत ऐकू जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरून इतिहासाच्या बाईंचा आवाज आला, "शेवटचं वाक्य पुन्हा म्हणा. मागच्यांना ऐकू आलं नाही."

पुढचं थोडक्यात. डॉक्टर बाहेरून ओरडत होता, "मोठा आ करा, आ!" पियानोवाल्याने टाकीवर बोट वाजवलं आणि आत माणूस असला की सूर अर्ध्या पट्टीने उतरतो, असं लोकांना समजावून सांगितलं. अग्निशमनवाल्यांनी माझ्या कमरेला साबण चोपडला आणि दोघांनी एकेक पाय धरून ओढलं (मणका तेव्हा दुखावला). मी बाहेर आलो तेव्हा केसांत, कानांत, कॉलरमध्ये जव होते. मालकीणबाई पुढे आल्या. माझी मान आपोआप खाली गेली. त्यांनी माझ्या कानातले जव बोटाने काढले, नीट निरखले आणि म्हणाल्या, "उद्या या. टाकी घासायची आहे."

मंडळींनी मला काढून टाकलेलं नाही. बाईंनी फक्त माझे आधीचे सगळे मार्क रद्द केले आणि मला पुन्हा पहिल्या बाकावर बसवलं. फिकट बिअर तयार झाली तेव्हा मी तिचा पहिला घोट घेतला. सर्दीनंतर खरोखर चव लागलेली ही माझी पहिलीच बिअर. सगळे शब्दाची वाट बघत होते. मला एकही सुचला नाही. मी नुसता बसून राहिलो आणि पेला संपला. 'चष्मेवाल्यांना शब्द सुचले नाहीत,' एवढंच पियानोवाल्याने छापलं, आणि त्या शनिवारी दुकानात उभं राहायला जागा नव्हती.

पत्र लांबलं. मामीला सांग की पाय शाबूत आहेत. गुडघ्याला जप, आणि काकांना माझा (उभ्यानेच) नमस्कार.

तुझा,
जवळजवळ हिरवा भाचा

ता. क. – टाकीतलं जे वाक्य वर लिहिलं नाही, त्याला मालकीणबाईंनी टाकी घासताना उत्तर दिलं. उत्तर 'हो' आहे. मोठा आ करून मिळालेलं नाही, स्पष्ट शब्दांत मिळालेलं आहे. आता आईला सांगायला हवं, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. तिने माझ्यासाठी मुली बघणं सोडलं त्याला बरीच वर्षं झाली, त्यामुळे धक्का बसेल. रक्तदाबाचं यंत्र घेऊनच ये. 'लग्न' हा शब्द आधी घालायचा की 'बिअर' हा, ते तू ठरव.

आणखी एक ता. क. – पाकीट बंद करण्याआधी हे पत्र तिला, म्हणजे मालकीणबाईंना, वाचून दाखवलं. ती पोट धरून हसली. म्हणाली, डोळे तपासायला आले होते तेव्हा मागच्या खोलीत तुमचं दूध करपत होतं, दुकानभर धूर, डोळ्यांची आग होत होती, आणि तुम्ही ढिम्म. नाक बंद आहे हे मला त्याच दिवशी कळलं. मी म्हटलं, मग रोज संध्याकाळी वास घ्यायला मला बोलवायच्या कशाला? तर, "उतू जाईल हं," असं म्हणत ती हंड्याकडे निघून गेली. हंड्याखालची आच मी मघाशीच बंद केली होती.