अंजनाच्या पाल्याची चव

आबा, मी तुझं नाव घेऊन एका माणसाला फसवलं. फसवणं मला नवं नाही, तुला तर सगळं माहीत आहे. सातवीत गुरुजींच्या खुर्चीला खाजकुयली लावली तेव्हा तू मला शाळेपासून घरापर्यंत कान धरून आणलं होतंस, आणि मग दार लावून एकटाच हसत बसला होतास. मी फटीतून बघितलं होतं. पण या वेळी तू हसला नसतास. या वेळी घाव मायवर बसला, आणि तिला अजून माहीतसुद्धा नाही की मारणारा मी आहे.

तुझ्याशी मी कधी अशा भाषेत बोललो नाही. पण अहिराणी कागदावर उतरवायला गेलो की पेन अडतं, शाळेत लिहायला शिकवली ती हीच. तीही मी अर्धीच शिकलो, चुका झाल्या तर सोडून दे. कागद फॅक्टरीतले आहेत, मागची बाजू कोरी असते. माय बकऱ्या घेऊन टेकडीकडे गेली आहे, उन्हं उतरली की येईल. एवढं लिहीपर्यंत मी दोनदा उठलो. पाणी प्यायलो, बकऱ्यांची जागा झाडून काढली, गाडीची चेन चांगली होती तरी घट्ट केली. बूड टेकत नाही. उद्या सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो येणार आहे आणि माय सगळ्या बकऱ्या देऊन टाकणार आहे. सगळ्या अकरा. तुझ्या लाडक्या बकरीची, चांदीची, नातही त्यात आहे, तसंच पांढरं कपाळ, तशीच चोरटी.

तू गेलास त्याला बारा वर्षं झाली. मधे काय काय निघालं ते सांगितलं तर तू म्हणशील, चल, फेकू नको. मी वर्षभर गुजरातच्या हद्दीत एका फॅक्टरीत होतो. तिथे मटण बनतं, आणि तिथे एकही बकरी नाही. सोयाबीन आणि वाटाण्याचं पीठ एका मशीनमध्ये घालतात, वाफ देतात, दाबतात, आणि पुढून जाड दोरीसारखं काहीतरी बाहेर येतं. ते तोडलं की आत धागे. अगदी मांडीच्या मांसासारखे. मग त्यावर वासाची पावडर पडते, तुकडे होतात, थंड करून पाकिटात भरतात. मी पाकिटवाल्या खात्यात होतो. पहिल्या दिवशी मी सुपरवायझरला विचारलं, "साहेब, याची नळी कुठल्या मशीनमधून निघते?" तो हसला नाही. तिथे हसायची पद्धत नव्हती. छपाई वाकडी झालेली पाकिटं आम्हाला घरी न्यायला द्यायचे. दिवाळीला येताना मी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून दहा-बारा पाकिटं आणली. गंमत म्हणून. माझ्या सगळ्या भानगडी अशाच सुरू होतात.

तुझा तो शेठ आठवतो ना, अक्कलकुव्याच्या अलीकडे हायवेवर ज्याचं हॉटेल आहे? तू त्याला दर आठवड्याला दोन बोकड द्यायचास. तू गेल्यावर मायने ते चालू ठेवलं. जीपच्या टपावर बोकड बांधून ती स्वतः जायची, आणि शेठ तिला वहिनी म्हणून आधी चहा पाजायचा, मग बोकडाची कंबर दाबून बघायचा. त्याला एक खोड आहे. गिऱ्हाइकांसमोर छाती फुगवून सांगतो की मी डोळे मिटून घास खाल्ला तरी बोकड कुणाचा ते ओळखतो. हे त्याने तुझ्याकडून उचललं आहे. ओळखायचास तू. मामाच्या लग्नात लोकांनी तुला बसवून दोन पातेल्यांतलं खायला घातलं होतं, ते मला अजून दिसतं. मी तुझ्या मांडीला खेटून बसलोय. तू सावकाश चावतोयस, डोळे मिटलेले, मिशीला रस्सा. "हाऊ अंजनना पाला खायेल शे, डोंगरवरना." दुसरा घास. "अन् हाऊ बांधेल. ढेप खाई खाई सुजेल." दोन्ही बरोबर, एक डोंगरावर अंजन खाल्लेला, दुसरा दावणीला पेंड खाऊन सुजलेला. लोक ओरडले, आणि मला वाटलं, आपणही मोठेपणी हेच करायचं, दुसरं काही नाही.

तर दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी मी एक पाकीट पिशवीत लपवून शेठच्या हॉटेलात गेलो. आचारी माझ्या ओळखीचा, त्याला मी पटवला. त्याच्याच काळ्या मसाल्यात, त्याच्याच कढईत तुकडे टाकले, वर तर्री सोडली. शेठपुढे ताट ठेवलं आणि म्हणालो, "शेठ, माय म्हनी चाखी देखा. घरना बोकड शे, आबाना वंशना."

शेठने भाकरी मोडली. एक घास, दुसरा घास. डोळे मिटले. मग बोटं चाटून सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे पोऱ्या, याले म्हंतस बोकड! तुन्हा बापना हातना शे. मी वळखी लिधं."

मी इतका हसलो की खाली बसलो. पिशवीतून रिकामं पाकीट काढलं आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. आचारी हसला, वेटर हसले, दोन ट्रकवाले उठून बघायला आले. शेठ तेवढा हसला नाही. त्याने हात धुतले, चष्मा लावला आणि पाकीट उलटसुलट करून वाचत राहिला. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. पण तो अगदी हळू म्हणाला, "कोठे भेटस हाई?"

तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण आपण हुशार आहोत हे दाखवायची संधी मी आयुष्यात सोडली नाही. मी सांगितलं. कुठे मिळतं, खोक्याने घेतलं तर किती स्वस्त पडतं, फ्रीजमध्ये किती महिने राहतं, सगळं. शेठ बोटांवर हिशोब मोजत होता. कसाई नको, चारा नको, श्रावणात माल अंगावर पडायची भीती नको. "अन् बोकडगत मरस बी नही," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात माय दोन बोकड घेऊन गेली आणि तेच दोन बोकड घेऊन परत आली. शेठने दारातूनच हात जोडले होते. वहिनी, आते नको. कारण सांगितलं नाही. चहा मात्र पाजला. मी घरी होतो, रजा वाढवली होती. माय अंगणात बसली आणि एकेका बोकडाची कंबर दाबून बघू लागली, जशी तू बघायचास. मग तोंड उघडून दात बघितले. मग मलाच विचारलं, "काय रे, मन्हा बकरीस्ले काय व्हयनं? हडकायनात का?"

"नही माय, चांगल्या शेत."

"मग शेठ काबर नही म्हने?"

मी म्हणालो, मंदी असेल. तिला मंदी म्हणजे काय ते माहीत नाही, मलाही फारसं नाही. त्या दिवसापासून ती बकऱ्यांना मीठ चाटवते, लांबच्या उतारावर नेते, अंजनाच्या झाडावर या वयात आकडी घेऊन पाला पाडते. बाजारात ते दोन बोकड घेऊन गेली, तर ती शेठच्या दारातून परत आल्याची बातमी तिच्या आधी बाजारात पोचली होती. एवढ्या वर्षांचं गिऱ्हाईक तुटलं म्हणजे मालातच खोट, असं लोक धरून चालतात. मग ती स्वतःही तसंच धरून चालली. रोज संध्याकाळी तुझ्या फोटोपुढे उदबत्ती लावते आणि दिवसभराचं सांगते. परवा मी दारात उभा राहून ऐकलं. "तुम्ही होते तं तुमना हातले गुण व्हता. मन्हा हातले नही."

आणि मी काय करत होतो ते ऐक. शेठचा माल मीच आणत होतो. दोन खेपा केल्या, गाडीच्या मागे खोकं बांधून. म्हटलं, नाहीतरी कोणीतरी आणणारच. फॅक्टरीच्या मालाशी माझं भांडण नाही, आबा. ज्याला बोकड खायचा नाही आणि चव हवी त्याने ते खुशाल खावं, त्यात कुणाचा जीव जात नाही. मी शेठला म्हटलं होतं की पाटीवर लिहा, बिनबोकडाचं मटण. तो म्हणाला, मग खाणार कोण? जुन्या पाटीवर जुनंच नाव ठेवलं आणि पाकिटातलं विकलं. संशय येऊ नये म्हणून कसायाकडून नुसती हाडं आणायचा आणि रश्शात सोडायचा.

दुसऱ्या खेपेला मी तिथे जेवायला थांबलो होतो. मणिबेलीकडचे ते म्हातारे बाबा, ज्यांच्याकडून तू पहिली बकरी घेतली होतीस, ते आले. त्यांची भाषा वेगळी, पण वेटरशी आपल्यासारखंच बोलतात. सावकाश खाल्लं. मग ताटातलं हाड उचलून एका बाजूला ठेवलं, तुकडा दुसऱ्या बाजूला ठेवला, आणि दोन्हींकडे बघत राहिले. वेटरने विचारलं, काय झालं बाबा? ते म्हणाले, "हाड म्हातारी बकरीनं शे. मांस कोनंच नही."

वेटर हसला. शेठ गल्ल्यावरून उठून आला, बाबा तुमचे दात गेले, असं काहीबाही म्हणाला. बाबांनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्यांनी मला बघितलं. मी मान खाली घातली, पण माझं नाक तुझं आहे, ते लपत नाही. "तू त्यानाच पोऱ्या ना?" एवढंच विचारलं. पैसे दिले, उरलेली भाकरी फडक्यात बांधली आणि गेले. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी खेप केली नाही. शेठने दुसरा माणूस धरला, आठवडासुद्धा लागला नाही.

एक जुनी गोष्ट सारखी मधे येते. तुलाही आठवत असेल. बाजाराचा दिवस, आणि तू तो काळा बोकड न्यायचं ठरवलंस, माझ्या मागे मागे फिरणारा. मी त्याच्या गळ्यातली घंटी सोडली, त्याला शेजारच्यांच्या कुडामागे बांधलं आणि स्वतः घंटी वाजवत नाल्यात पळालो. तू घंटीमागे, मी पुढे. झुडपातून वाजवतोय, थांबतोय, परत वाजवतोय. तुझी जीप गेली. तू मला धरलंस तेव्हा मारलं नाहीस. तो बोकड दुसऱ्या दिवशी घरीच कापला, पाहुणे आले होते. मी ताटावर बसून रडत होतो. तू म्हणालास, "खावाले बसशी तं रडू नको. रडशी तं खावाले बसू नको." मी दोन्ही केलं. रडलोही आणि खाल्लंही. मग तू ती घंटी माझ्या हातात ठेवलीस. वाजवायची हौस शे ना, ठेव तुन्हाजोडे. ती आता चांदीच्या नातीच्या गळ्यात आहे. मायने बांधली, मला न विचारता.

आज सकाळी माय म्हणाली, व्यापाऱ्याला उद्या बोलावलं आहे. मी म्हटलं, दोन-चार ठेव. ती म्हणाली, "ज्या हातले गुण नही त्यानी जनावर ठेवू नही. पाप लागस." असं म्हणून काठी घेऊन निघाली. मी मागून हाक मारली. तिने वळून बघितलं, आणि मी विचारलं, दुपारी भात लावू का. एवढंच निघालं तोंडातून. ज्या तोंडाने मी शेठला, सुपरवायझरला, हेडमास्तरांना गंडवलं, त्याच तोंडातून.

पण आज सांगणार आहे. ती आली की आधी पाणी देईन आणि सांगेन. की बकऱ्यांत खोट नाही, तिच्या हातात खोट नाही, तिने पाडलेल्या पाल्यात तर नाहीच नाही. शेठ पाकिटातलं विकतो आणि ते पाकीट माझ्या पिशवीतून तिथे गेलं. ती काठी घेईल. घेऊ दे. टेम्पो परत पाठवायला मी स्वतः रस्त्यावर उभा राहीन. पुढे बोकड कुठे विकायचे ते अजून माहीत नाही. ते मणिबेलीचे बाबा कुठल्या बाजाराला येतात ते आधी शोधतो. अजूनही ओळखणारे असतील, ते जिथे असतील तिथे.

घंटी ऐकू येते आहे. नाल्यापर्यंत आल्या असतील. हा कागद तुला कुठे पाठवणार? फोटोमागे ठेवला तर माय कुणाकडून तरी वाचून घेईल. चांदीच्या नातीपुढे टाकतो, ती कागद खाते, बिलं खाते, माझं आठवीचं प्रगतिपुस्तकही तिच्या आजीनेच खाल्लं होतं.

पण एक राहिलं, आणि ते मी मायलाही सांगणार नाही. शेठकडे जायच्या आदल्या दिवशी, माय रानात असताना, मी घरी दोन वाडग्यांत वाढून घेतलं होतं. एकात आपल्या घरचं, दिवाळीचं. एकात पाकिटातलं. डोळे मिटले, वाडगे गोल गोल फिरवले आणि घास घेतला. तुझ्यासारखा सावकाश चावला. आणि छाती फुगवून, घरात कोणी नसताना, मोठ्याने म्हणालो, हाऊ अंजनना पाला खायेल शे.

डोळे उघडले तर हात पाकिटाच्या वाडग्यात होता.

म्हणून गेलो शेठकडे. आपण एकटेच नाही, एवढंच बघायला. तुझ्या पोराला ओळखता आलं नाही, आबा. तू वर कुणाकुणाबरोबर बसत असशील, जुने बाजारवाले असतील, मामा असेल. आणि माय रोज संध्याकाळी तुला सगळं विचारते. बाकी काहीही सांग तिला. हे नको सांगू. तुझ्या पाया पडतो, कोणालाच नको सांगू.